शिवबाईचा गड दुधनीस पोहोचला, त्याची हकीकत

श्रीसिद्धरामेश्वर प्रसन्न. सांप्रत मोबाइलशाहीत, वैशाखमासी, सोलापूर शहरी ऊन ऐसे तापले की डांबरास पाझर फुटला आणि कावळ्यांनी देखील दुपारचे बोलणे वर्ज्य केले. ते समयी गैबीसाब शेख टेम्पोवाले, वस्ती नई जिंदगी, यांनी शिवबाईचा चिक्कीचा गड अक्कलकोटावरून दुधनीस पोहोचता केला, त्या मोहिमेची ही हकीकत. जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे मीठ घातले नाही. साखर मुळातच बहुत होती.

मोहिमेआधी शब्दाची उत्पत्ती सांगणे प्राप्त आहे. लॉजिस्टिक्स म्हणोन एक विलायती शब्द आहे. तो प्रथम हैदराबाद रस्त्याने कंटेनरांच्या पाठीवर बसोन शहरात दाखल जाहला, आणि मग मार्केट यार्डाच्या गोदामांवर त्याची निशाणे लागली, आणि मग कुरियरवाल्यांनी त्यास आश्रय दिला, आणि मग पाहता पाहता तो लग्नघरांत शिरला. पूर्वी ज्या मामाने पाहुण्यांच्या गाड्या, गाद्या आणि पाण्याचे जार पाहावे आणि अखेरीस जेवावयाचे विसरावे, त्याच मामास आता 'लॉजिस्टिक्स' ऐसा किताब मिळो लागला. उपाशी राहणे मात्र पूर्ववत चालू राहिले. शब्दाचा अर्थ काय, याविषयी शहरात एकमत नव्हते. कोणी म्हणत ने-आण, कोणी म्हणत गोदाम, आणि जाणते म्हणत की माल जागचा हलला नसता 'निघालाय, पोचतोच' ऐसे फोनवर सांगावयाची जी विद्या, तिचे हे नाव. वास्तविक रसद आणि सरबराई हे दोन मातबर शब्द घरचेच होते. परंतु घरच्यांस कोण पुसतो!

गैबीसाबांचे पदरी एक हत्ती होता, तोही छोटा. ज्या चारचाकी टेम्पोस अवघा मुलूख छोटा हत्ती म्हणतो, तोच हा. त्यास सोंड नव्हती, परंतु चढणीवर तो हत्तीसारखाच चीत्कार करी आणि पाणीही तैसेच पीत असे. या हत्तीवरून गैबीसाबांनी विटा, फ्रीज, मंडपाचे बांबू आणि एकदा एक संपूर्ण सलून वाहिले होते. एका कपाटाचा आरसा फुटल्याचे प्रकरण वगळता कारकीर्द निष्कलंक होती. चैत्रात हत्तीस नवा रंग द्यावयाचा ठरले, तेव्हां रंगाऱ्याने मसलत दिली की 'टेम्पो सर्व्हिस' आता कोणी लिहीत नाही, ते गरिबीचे लक्षण आहे, आणि मग त्याने आपल्याच अखत्यारीत दारावर 'गैबीसाब लॉजिस्टिक्स' ऐसे पिवळ्या अक्षरांनी लिहून टाकिले. शब्द दारापेक्षा लांब निघाला. तस्मात शेवटचे 'क्स' दाराच्या कडेवर वळवावे लागले आणि दार उघडले असता किताब अर्धवट दिसे.

घरी कुटुंबाने, म्हणजे अजीजाबींनी, हत्तीस एक प्रदक्षिणा घातली आणि पुसले, "येक टेम्पो हय जी अपना. उसकू इत्ता बडा नाम कायकू?"

गैबीसाब म्हणाले की नाव मोठे असले तर काम मोठे येते. अजीजाबींनी यावर अर्थ पुसला. अर्थ गैबीसाबांस ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनी चहा मागितला.

मोठे काम चौथे रोजी चालत आले. शेळगीच्या बाजूने एक बाई, वय पन्नाशीच्या पुढे, डोईवर पदर, हाती कापडी पिशवी, ऐशी टेम्पो-स्टँडावर आली आणि दारावरची अक्षरे बोटाने लावून वाचू लागली. ह्या शिवबाई. पतीच्या माघारी बहुत वर्षे बंधू रेवणप्पा यांचे घरी राहत आणि त्या घरची भाकरी, भांडी, मुले आणि आजारपणे सांभाळीत. रेवणप्पांची कन्या ऋतुजा हिचा विवाह दुधनीचे आडतदार सिद्धलिंगप्पा यांचे पुत्राशी ठरला होता. शिवबाईंनी आपल्या भाचीसाठी रुखवत म्हणोन शेंगदाण्याच्या चिक्कीचा गड बांधिला होता. रेवणप्पांचे म्हणणे की दुकानातून मिठाईचे डबे नेले म्हणजे रुखवत जाहले. परंतु लग्नाच्या कोणत्याच विधीत शिवबाईंस पुढे यावयाचा रिवाज त्या घरी नव्हता, ना हळदीस, ना तेलास, ना ओवाळण्यास. एक रुखवत मात्र ऐसे की ते बांधणाराचे कपाळ कोणी पाहत नाही. म्हणून त्यांनी सारा जीव त्यात ओतिला होता. दोघां टेम्पोवाल्यांनी गडाचे नाव ऐकताच हात जोडिले होते.

"भाऊ," शिवबाई बोलल्या, "हे बोर्डावरचं लॉजिस्टिक म्हंजी काय म्हनायचं?"

अन्य गिऱ्हाइकाने पुसले असते तर गैबीसाबांनी विषय बदलला असता. परंतु बाई अर्थ जाणावयास उभी होती आणि मागे तीन टेम्पोवाले कान देऊन होते.

"म्हंजी बगा अक्का, वस्तू हितनं उचलायची आन् तितं जशीच्या तशी ठिवायची. मदल्यामदी तुमी काळजी करायची न्हाय."

"मग काळजी कुनी करायची?"

"आमी," गैबीसाब म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांस कळले की हा तह जाहला.

दुसरे दिवशी खासा गैबीसाब गड पाहावयास शेळगीस गेले. आतल्या खोलीत, जेथे पूर्वी शिवबाई निजत असत, तेथे गड उभा होता, आणि शिवबाई हल्ली स्वयंपाकघरात निजत. चिक्कीचे चिरे एकावर एक, सांध्यांत गुळाचा पाक, चार बुरूज, तिळाच्या जंग्या, खोबऱ्याची तटबंदी, महाद्वारी चिरोट्यांची दारे, साखरेच्या तोफा, आणि भोवती निळ्या साखरेचा खंदक, ज्यात चुरमुऱ्यांची बदके पोहत होती. शिखर गैबीसाबांच्या छातीस लागत होते. आजवर जे वाहिले ते पडले तरी पुन्हा उचलता येई. हे पडले तर झाडूने भरावे लागले असते. एक वेळ मनात आले की हत्ती आजारी पडल्याचे सांगावे. परंतु शिवबाईंनी गुळाच्या पाकाने भाजलेली बोटे पदराआड घेतली, ते गैबीसाबांनी पाहिले, आणि हत्ती निरोगी राहिला.

घरी खलबत बसले. अजीजाबींनी सगळे ऐकून घेतले आणि हुकूम केला की खाली गादी पाहिजे, तीही कापसाची, स्पंजाची नाही, कारण स्पंज नाचवितो आणि कापूस दाबून धरितो. मग आपल्या रुखसतीची, म्हणजे सासरी येताना आणिलेली, गादी त्यांनी स्वहस्ते काढून दिली. ऊन चढण्याआधी अक्कलकोट मागे टाकावे आणि वरून चादरीची सावली करावी, परंतु गडास चादर टेकू नये, ही दुसरी आज्ञा. गैबीसाबांनी विचारिले, हे सर्व तुला कसे सुचले. अजीजाबी म्हणाल्या की तीन लेकरे बसमधून माहेरी नेली आहेत.

कूच करावयाचा दिवस उगवला. लग्नाचे वऱ्हाड रेवणप्पांसह बसने पहाटेच पुढे गेले, कारण सायंकाळी दुधनीस हळद होती. गैबीसाबांनी चार हमाल आणिले. गड ज्या फळीवर होता तिला चौघांनी खांदे दिले, श्वास रोखिला, आणि गड जमिनीवरून उठला. शिवबाईंनी डोळे मिटले. मग चौघे दारापाशी आले, आणि तेथे चौघेही थांबले. गडास दारातून वाट होती, परंतु खंदकास नव्हती. शिवबाईंनी महिनोन् महिने गड बांधिला आणि दार मोजिले नाही. गैबीसाबांनी जातीने पाहणी केली आणि त्यांनीही दार मोजिले नाही. गड हवेत, दार पुढे, आणि एका हमालास शिंक येऊ लागली.

"खाली ठिवा, हळू," गैबीसाबांनी फर्मान सोडिले, आणि शिंक फळी टेकल्यावर सुटली.

मग मसलत जाहली. खिडकी काढावी तर ती दाराहून लहान. चौकट फोडावी तर लग्नघरी भिंतीस हात लावणे रेवणप्पांनी निघता निघता मना केले होते. फळी तिरपी करावी तर बुरूज ढळणार. गैबीसाब घाम पुसत राहिले. लॉजिस्टिक्समध्ये या प्रसंगी काय करितात, हे रंगाऱ्यास विचारून ठेवावयास पाहिजे होते ऐसे त्यांस वाटले.

अखेरीस शिवबाईच बोलल्या. "खंदक कापा."

"अक्का, बदकं हायत की त्यात."

"असू द्या. गड ऱ्हायला पायजे."

मग लोखंडी पाते आणून गैबीसाब फळीच्या कडेस बसले आणि दोन्ही बाजूंनी खंदकाखालचे लाकूड कापू लागले, इतके हळू की भुसा देखील आवाज न करता पडे. आणि शिवबाई दोन्ही तळहात तटास लावून, लेकराच्या पाठीस लावावे तैशा, उभ्या राहिल्या. पाते थरथरे तेव्हां त्या "थांबा" म्हणत, आणि तट स्थिरावला की "चालू द्या" म्हणत. दोन्हीकडचा खंदक बदकांसह अलग जाहला आणि गल्लीतील पोरांनी तो जागीच फस्त केला. गड दारातून निघाला तेव्हां दोन्ही अंगांस जेमतेम बोटाची फट होती.

हत्तीवर गादी, गादीवर गड, चार बांबूंवर सोलापुरी चादर, ऐशी अंबारी सजली. गैबीसाबांनी शिवबाईंस पुढे बसावयास विनविले. त्यांनी मानिले नाही आणि पाठीमागे गडाजवळच बैठक मारिली. कडी लावणार इतक्यात शेजारणीने धावत येऊन एक गाठोडे आत टाकिले. हळदीचे सामान, जे घाईत बसमध्ये चढवावयाचे राहिले होते. जे जे विसरले ते टेम्पोत टाकावे, हा त्या शब्दाचा आणखी एक प्रचलित अर्थ होय.

आता वाटेतला गनीम वर्णितो. त्याचे नाव गतिरोधक. तो फलक न लावता, रंग न देता, गावकुसापाशी दबा धरून पडतो आणि हत्तीच्या पुढल्या पायांस धरितो. वळसंगापावेतो गैबीसाबांनी ऐसे अनेक गनीम चाकाचाकाने चढून, चाकाचाकाने उतरून जिंकिले. मागून सायकली पुढे गेल्या, म्हशी पुढे गेल्या. ज्या गैबीसाबांचा हॉर्न अवघ्या अक्कलकोट रस्त्यास परिचित होता, ते गप्प राहिले, कारण हॉर्नाने चिक्की तडकते की काय, ऐसा वहीम त्यांस आला होता. मध्ये मध्ये रेवणप्पांचा फोन येई.

"कुटं हायसा?"

"अक्कलकोट मागं पडलं की," गैबीसाब सांगत. अक्कलकोट तेव्हां बरेच पुढे होते. याबाबतीत त्यांस त्या विद्येचे पूर्ण ज्ञान होते.

वळसंग सोडून काही अंतर जाते न जाते तो हत्तीचा मागला पाय बसला. खिळा भरला होता. कडुलिंबाखाली मुक्काम पडिला. चाक बदलावयास जॅक लावावा तर हत्ती कलणार आणि हत्तीबरोबर गड कलणार. मग गैबीसाबांनी दगड जमविले, आणि जॅकचा एक फेरा, दगडाची एक भर, ऐसे करीत हत्तीस सपाट ठेवून चाक चढविले. त्यांची पाठ मोडून आली, परंतु कोठून तरी एक आनंद मनात उठला, कारण आज प्रथमच आपण बोर्डावरच्या नावास जागत आहो ऐसे त्यांस वाटले.

हा आनंद पुरता भोगून होईतो शिवबाईंची हाक आली. "भाऊ, मुंग्या."

कडुलिंबाच्या मुळाशी त्यांचे ठाणे होते. साखरेची खबर त्यांस लागली आणि त्या जॅकच्या दगडांवरून, चाकावरून, फळकुटावरून, रांगेने, शिस्तीने, कोणतीही घाई न करता वर चढल्या होत्या. आघाडी गादी ओलांडून तटास भिडली होती. गैबीसाबांनी रुमाल मारिला. रांग फुटली आणि दोन रांगा जाहल्या. औषध मारावे तर रुखवत खावयाचे. पाणी शिंपडावे तर साखर विरघळणार. शिवबाई कडुलिंबाच्या डहाळीने एकेक मुंगी तटावरून झाडीत होत्या.

"हळद," गैबीसाब म्हणाले. "हळदीची रेघ मुंगी वलांडत न्हाय. गाठोड्यात हाय की."

शिवबाई झाडता झाडता थांबल्या. "त्या हळदीला माजा हात चालत न्हाय, भाऊ. लगनाची हाय ती."

दुसऱ्याच्या घरचा रिवाज, त्यात आपण बोलू नये, ऐसे गैबीसाबांस वाटले. मग त्यांनी सांगितले की तुमचा चालत नसेल तर माझा लावितो, आणि गाठोड्याची गाठ सोडू लागले. परंतु त्यांचे हात जॅकच्या ग्रीसने काळे होते, आणि ते काळे हात भाचीच्या हळदीकडे जाताना शिवबाईंनी पाहिले.

"ऱ्हावू द्या," त्या बोलल्या. "वंगण हाय तुमच्या हाताला."

मग त्यांनी पुडा आपल्या मांडीवर घेतला, फोडिला, आणि चिमटीने फळीच्या चहूबाजूंस पिवळी रेघ ओढिली, न तुटणारी, रांगोळीचा हात असलेली बाईच ओढील तैशी. मुंग्यांची आघाडी रेघेपाशी आली, तिने मिशा हलविल्या, आणि माघार घेतली. ज्या आत राहिल्या त्यांस डहाळीने काढिले. रेघ पुरी जाहल्यावर शिवबाई बराच वेळ आपली पिवळी बोटे पाहत बसल्या, आणि गैबीसाब बराच वेळ एक नट, जो घट्ट होता, तो घट्ट करीत राहिले.

अक्कलकोटात त्यांनी हत्ती एका किराणा दुकानी उभा केला आणि जितकी हळद खर्च जाहली तितकी नवी आणून गाठोड्यात भरिली. शिवबाईंनी विचारिले, हे कशास. गैबीसाब म्हणाले की हेही बोर्डावरच्या त्याच शब्दात येते.

दुधनीस पोहोचता सूर्य माथ्यावर होता. मंगल कार्यालयाचे दार मोठे निघाले. तरीही गैबीसाबांनी ते वीतभर काठीने दोनदा मोजिले, आणि मगच गड आत घेतला. नुकसानीचा तपशील: तोफ एक, वितळली, बुरुजावरील पहारेकरी दोन, मुंग्यांशी लढता कामी आले, दोन अंगांचा खंदक आधीच गेला होता. बाकी गड जैसा होता तैसा, एक चिरा न ढळता, मंडपातील टेबलावर बसला.

सायंकाळी हळद लागली. नवी कोणती, जुनी कोणती, कोणी पुसले नाही. ती ऋतुजेच्या गाली उत्तम रंगली. शिवबाईंच्या बोटांवर रेवणप्पांची नजर गेली, आणि मग ती मंडपाच्या विजेच्या तारांवर गेली, आणि तेथेच राहिली.

दुसरे दिवशी अक्षता पडल्या आणि मंडळी रुखवतापाशी लोटली. सिद्धलिंगप्पांनी गडास हात मागे बांधून पुरती फेरी मारिली आणि कानडीत पुसले, "यारु माडिद्दु?" म्हणजे हे कोणी केले. रेवणप्पा पुढे सरून म्हणाले की आमच्या घरीच झाले, त्यात काय मोठेसे, हौस. तेव्हां वरमाय बजाबाई, ज्यांस घर म्हणजे कोण हे ठाऊक होते, म्हणाल्या, "घर बांदत न्हाय की काय. बाईमानूस कोन ते सांगा."

ऋतुजा बाशिंगासहित उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आत्यास हाताला धरून घेऊन आली. बजाबाईंनी निर्णय दिला की आमचे गावी जिने बांधिले तिनेच फोडावे, आणि स्वयंपाकघरातून बत्ता मागविला. ऐसा रिवाज दुधनीस खरोखरच होता की त्यांनी तो त्याच वेळी काढिला, याविषयी लोकांत दोन मते आहेत.

शिवबाईंनी पदर खोचिला, बत्ता उचलिला. तोच मंडपाच्या टोकाकडून, हातातले पत्रावळीचे जेवण तसेच टाकून, गैबीसाब धावत आले.

"अक्का, बत्ता नको, तडा जाईल."

मंडप असा हसला की सनईवाल्याचा सूर चुकला. शिवबाई हसत नव्हत्या. त्यांनी गैबीसाबांकडे, जैसे घरच्या माणसाकडे पाहावे तैसे पाहिले.

"जाऊ द्या की भाऊ. त्याच्यासाटीच आनलाय."

आणि महाद्वारी पहिला घाव घातला.

ज्यास गतिरोधक पाडू शकले नाहीत, उन्हाने वितळविले नाही, मुंग्यांनी रेघ पाहून सोडिले, तो गड दुधनीच्या पोरांनी एक पंगत उठावयाच्या आत जमीनदोस्त केला. बुरूज सोयऱ्यांनी वाटून घेतले, तट पिशव्यांत गेला, आणि कानडी बायका शिवबाईंस घेरून पाकाचे प्रमाण पुसत राहिल्या, आणि त्याही कानडीतून, मराठीतून, हातवाऱ्यांतून सांगत राहिल्या. मुलीची पाठवणी आली तेव्हां त्यांस शोधावे लागले. तत्पूर्वी त्यांनी महाद्वाराचा एक चिरा गैबीसाबांस दिला होता. त्यांनी तो खाल्ला नाही. रुमालात धरून, सांभाळून, सावलीसावलीने हत्तीपावेतो नेला. तेथे तो वितळू लागला, तेव्हां निरुपाय होऊन उभ्यानेच खाल्ला. चिक्की उत्तम होती.

येणेप्रमाणे, वैशाखमासी, मौजे दुधनी, गैबीसाब शेख यांची मोहीम फत्ते जाहली, ऐसे दप्तरी दाखल केले आहे. गडाचा पुरावा कोणी मागू नये. तो उरला नाही.